कोकमाचं सरबत चार प्याल्यांना चालेल का? ठाण्यातल्या एका घराचं पेसाहपूर्व प्रकरण

२३ मार्च २०२५, रविवार. धुळवड होऊन नऊ दिवस झाले होते. पेसाह या आमच्या सणाचे डबे पाठवायच्या घरांची यादी पुढ्यात घेऊन मी एकेका घरी फोन लावत होते. अकराव्या क्रमांकावर मावशी. त्यांना मी लहानपणापासून मावशीच म्हणते, नातं काही नाही.

"मावशी, पेसाहच्या डब्यात काय काय घालू?"

"मत्सा अर्धाच डबा पुरे मला. भांडी यंदा माळ्यावरच राहू देत म्हणते. आणि हो, एक विचारायचं होतं. कोकमाचं सरबत चार प्याल्यांना चालेल का गं?"

मत्सा म्हणजे पेसाहची बिनखमिराची पोळी. मी म्हटलं, हजानांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून सांगते. यादीत त्यांच्या नावापुढे 'जास्तीची मदत' असं लिहिलं आणि बाराव्या घराला फोन लावला. या प्रकरणात आमचं जे चुकलं ते त्या दोन मिनिटांत चुकलं. पुढचे तीन आठवडे त्या चुकीची उकल होण्यात गेले. मावशींनी नाव न घालण्याच्या अटीवर हे लिहायची परवानगी दिली आहे. सणाआधी हे डबे पोचवणारं आमचं पाच बायकांचं छोटं मंडळ आहे, त्याचंही नाव घालत नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. कोकणात शनिवार पाळायचा आणि तेलाचे घाणे चालवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. आता भारतात आमची सगळ्यात जास्त घरं ठाण्यात असतील. पेसाह म्हणजे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून सुटकेचा सण. कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही अशा घाईत पूर्वज निघाले, म्हणून सणाच्या दिवसांत खमीर चढलेलं काहीही खायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. गहू, सातू, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचा एक जुना भाऊबंद, या पाच धान्यांना पाणी लागून अठरा मिनिटं गेली की ते हामेस, म्हणजे खमीर चढलेलं, धरायचं. आम्ही भारतात हे आठ दिवस पाळतो, इस्राएलमध्ये सात.

जुन्या काळी, पंचांगाशी आणि बाहेरच्या यहुदी जगाशी आमचा संबंध तुटलेला होता तेव्हाही, या सणाला कोकणात नाव होतं: 'अनाशी ढाकाचा सण'. वर्षभर तोंडीलावण्याला वापरायच्या आंबट पाण्याचं मडकं या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. हेब्रू विसरलेल्या माणसांना मडक्यावरचं झाकण तेवढं आठवत राहिलं. मला हे नाव फार जवळचं वाटतं. सणाची तयारी स्वयंपाकघरात जगली आणि पुस्तकं तिच्याकडे नंतर आली, असं त्यातून दिसतं. आजीच्या तोंडून ऐकलेलं आठवतं की अलिबागकडे पेसाहआधी घराला चुना लागायचा आणि तांब्याच्या भांड्यांना कल्हई व्हायची. अंगणात भाता चालायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि कापसाच्या बोळ्याखाली भांडं चांदीसारखं उजळायचं.

आता दानाविषयी. मावशींचं प्रकरण इथेच अडकलं होतं.

पेसाहआधी गरिबांसाठी जे द्यायचं त्याला हेब्रूत 'माओत हित्तिम' म्हणतात, म्हणजे गव्हाचे पैसे. अरामी नाव 'किमहा देपिसहा', पेसाहचं पीठ. ही चाल यरुशलेमी तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या काळापासूनची. गावात बारा महिने राहिलेल्या माणसाने पेसाहच्या गव्हात आपला वाटा उचलायचा, असा नेम. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकावचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मोशे इस्सेर्लेस यांनी शुल्हान आरूख या यहुदी नियमांच्या ग्रंथावर टिपा लिहिल्या. त्यांत पेसाहच्या नियमांच्या अगदी पहिल्या कलमाला त्यांनी हेच जोडलं आहे: गहू विकत घ्यावा आणि गरिबांना वाटावा. घर कसं झाडायचं, चूल कशी तापवायची, भांडी कशी उकळायची, हे सगळं त्याच्या नंतर येतं. दुसऱ्याच्या घरी मत्सा पोचली की नाही, ते आधी.

मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात पेसाहच्या रात्रीचं वर्णन आहे. इस्राएलातल्या सगळ्यात गरीब माणसानेही त्या रात्री राजासारखं टेकून बसल्याशिवाय जेवू नये आणि त्याला चार प्याल्यांपेक्षा कमी देऊ नये, मग ते सार्वजनिक अन्नछत्रातून द्यावे लागले तरी चालेल. चार प्याले म्हणजे द्राक्षरसाचे, एकेक निदान ८६ मिलिलिटरचा. बेने इस्राएलांच्या घरी वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत असतं. दर शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, तेच. मनुका निवडायच्या, धुवायच्या, भिजवायच्या, हाताने कुस्करून पिळायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. पाण्याला नुसता रंग येऊन भागत नाही, मनुका पिळल्यावर आतून रस निघाला पाहिजे, तरच तो द्राक्षरस. म्हणजे आमच्याकडे चार प्याल्यांचा जो रिवाज आहे, तोच मुळात साध्या घराला परवडणारा आहे. त्यातही कोणी मनुकांऐवजी कोकम विचारतं, याचा अर्थ काय?

मला तो अर्थ लगेच कळला, असं मला वाटलं. त्याला कारण ब्रिस्कची गोष्ट.

ब्रिस्कचे रब्बी योसेफ दोव सोलोव्हेचिक हे एकोणिसाव्या शतकातले मोठे विद्वान. त्यांच्याविषयी सांगतात की पेसाहच्या आदल्या दिवशी एकाने येऊन विचारलं, चार प्याले दुधाचे घेतले तर चालेल का? रब्बींनी उत्तर दिलंच नाही. घरात जाऊन पैसे आणले आणि चार प्याल्यांना लागतील त्याच्या कितीतरी पट त्याच्या हातावर ठेवले. घरच्यांनी विचारलं, एवढे कशाला? रब्बी म्हणाले, दूध आणि मांस आपण एका जेवणात घेत नाही; दूध प्यायचं म्हणजे त्या जेवणात मांस नाही. ज्याच्याकडे वाइनही नाही आणि मांसही नाही, त्याला वाइनपुरते पैसे देऊन कसं भागेल?

यहुदी घरांत दानाविषयी बोलताना ही गोष्ट हमखास निघते. आमच्या मंडळात नव्याने येणाऱ्या बाईला मी हीच सांगते: प्रश्न ऐका आणि त्याच्या मागचं घर बघा. मावशींच्या कोकमामागे मी तंगी बघितली. मनुका परवडत नाहीत, मत्सा अर्धाच डबा मागतात, पेसाहची भांडी काढत नाहीत म्हणजे जेवणच फारसं व्हायचं नाही. सगळं जुळलं. मोठा डबा करायचं ठरवलं.

त्या वर्षी घाई होती, हेही सांगायला हवं. पेसाहचा आदला दिवस शनिवारी, म्हणजे शब्बाथला, आमच्या विश्रांतीच्या दिवशी येत होता. असं २००८ नंतर २०२१ मध्ये झालं होतं, २०२५ मध्ये झालं आणि आता एकदम २०४५ मध्ये होईल. एरवी आदल्या रात्री दिव्याने हामेस शोधायचं, सकाळी जाळायचं आणि दिवसभर रांधायचं. शब्बाथला विस्तव पेटवता येत नाही आणि शब्बाथच्या दिवशी पुढच्या सणाची तयारीही करता येत नाही. त्यामुळे सगळं एक दिवस अलीकडे येतं: शोध गुरुवारी रात्री, जाळणं शुक्रवारी सकाळी, सेदरचं, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचं, सगळं सामान शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत तयार. आणि तरी शुक्रवार रात्रीच्या आणि शनिवार सकाळच्या शब्बाथच्या जेवणाला पाव लागतोच, कारण पेसाहच्या आदल्या दिवशी मत्सा खायची नसते. चकचकीत घासलेल्या घरात दोन पाव जपून ठेवायचे, ही मोठी कसरत. या गडबडीत डबे वेळेत पोचवण्याकडे आमचं लक्ष होतं. फोनवर कोण काय बोललं, ते कोणी नीट ऐकलं नाही. मीही नाही.

६ एप्रिलला, रामनवमीच्या रविवारी, मावशींचा डबा गेला. दोन खोकी मत्सा, पाच किलो तांदूळ, मनुका, खजूर, तेल, बटाटे, साखर, मीठ, हळद-मिरचीच्या पुड्या, आणि एका पाकिटात पैसे. सोबत हामेस विक्रीचं अधिकारपत्र. घरात जे हामेस फेकवत नाही ते सणापुरतं गैरयहुदी माणसाला विकतात. खरा व्यवहार असतो तो, लिखापढीसह. इस्राएलमध्ये तर सरकारी गोदामांतलं हामेसही असंच विकलं जातं. अबू घोष गावचे हुसेन जाबर यांनी ते वर्षानुवर्षं विकत घेतलं आहे. आमच्याकडे हजान सगळ्या घरांच्या वतीने विकतात आणि घरमालकाने अधिकारपत्रावर सही करायची असते.

सोमवारी संध्याकाळी शेजारचा मुलगा डबा परत घेऊन आला. पाकीट न उघडलेलं. मत्साच्या खोक्यांची टेपसुद्धा तशीच. अधिकारपत्र तेवढं सही करून पाठवलेलं.

आमच्यातली एक म्हणाली, मानी आहेत, नको असेल कोणाचं. दुसरी म्हणाली, पैसे घातले तेच चुकलं. मला दोन्ही पटत होतं. तेवढ्यात अधिकारपत्र फायलीत लावताना माझं सहीकडे लक्ष गेलं. मावशी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांची सही म्हणजे कित्त्यातलं अक्षर, रेघेवर बसलेलं. इथे सही खालच्या रेघेवर नव्हतीच. ती छापील मजकुराच्या मधोमध, दोन ओळींवरून तिरकी चढत गेली होती. आडनावातल्या 'कर'चा 'र' कागदाच्या कडेबाहेर गेलेला.

मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

मंगळवारी सकाळी गेले. दारावर मेझुझा, चौकटीवरची पवित्र वचनांची नळी, त्याला बोट लावून ओठाला टेकवलं. मावशी दार उघडून म्हणाल्या, "कोण?" मी समोर उभी होते, दोन हातांवर.

चहा त्यांनीच केला. ओट्यावर सगळं जागच्या जागी, साखरेचा डबा डावीकडे, चहाचा उजवीकडे. गॅस पेटवताना लायटर बर्नरला टेकवून मगच बटण फिरवलं. एकही थेंब सांडला नाही. मी विचारलं, "मावशी, किती दिवस झाले?"

त्यांनी कप ठेवला. "दिवाळीपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्याने तर आता उजेड तेवढा कळतो."

"डबा का परत पाठवलात?"

"त्यात पुड्या होत्या. मिठाची कुठली, साखरेची कुठली, ते चाखून कळलं असतं. पण मत्साच्या खोक्यावर काय लिहिलंय ते कसं चाखू? वर्षभर खायची मत्सा वेगळी मिळते, पेसाहला चालणारी वेगळी. वाचल्याशिवाय घरात कशी घेऊ? आयुष्यात कधी घेतली नाही."

मला बोलायला काही सुचेना. खोक्यावर 'पेसाहसाठी चालेल' असं ठळक छापलेलं होतं, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढून ते गेलं होतं. ते वाचून दाखवायचं मात्र कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग एकेक उलगडत गेलं. कोकम का? तर मनुकांची देठं निवडावी लागतात, किडकी मनुका बाजूला काढावी लागते. कोकमाचं सरबत बाटलीतून ओतलं, पाणी घातलं की झालं, त्यात निवडायला काही नाही. भांडी माळ्यावर का? स्टुलावर चढून गाठोडं काढणं आता जमत नाही, आणि रोजची कुठली, पेसाहची कुठली, याची सरमिसळ झाली तर सगळंच बिघडलं. अर्ध्या डब्याला मात्र दुसरा काही अर्थ नव्हता. मत्सा त्यांना पचत नाही, एवढंच. प्रत्येक शब्दामागे काहीतरी दडलेलं असतं असं मानणंही चुकीचंच. पैशाची अडचण तर नव्हतीच, पेन्शन व्यवस्थित होती.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही अश्दोदला फोन केला असता." इस्राएलमधल्या अश्दोदला त्यांची मुलगी असते. "ती म्हणाली असती, आता घर बंद कर आणि ये. इथे माझं सगळं हाताला माहीत आहे गं. तिकडे चहाचा डबाही सापडायचा नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मला कुठल्या पानावर घातलंस?"

आमच्या वहीत दोन पानं असतात, देणाऱ्यांचं आणि घेणाऱ्यांचं. काका, म्हणजे मावशींचे यजमान, गेल्यावर, सत्तरीच्या पुढच्या एकट्या बाई म्हणून, आम्ही त्यांचं नाव आपोआप दुसऱ्या पानावर नेलं होतं. काकांचं नाव पहिल्या पानावर जवळजवळ चाळीस वर्षं होतं आणि त्या नावाखाली जे जायचं ते दोघांचं असायचं. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका गेले. मी नाही अजून." त्यांचा आवाज चढला नव्हता.

तोरा या आमच्या धर्मग्रंथात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, दानाविषयी एक वाक्य आहे, १५:८. 'दे महसोरो अशेर येहसार लो.' त्याला जे उणं आहे, त्याच्या उणिवेपुरतं. आमच्या जुन्या धर्मपंडितांनी त्यातल्या 'त्याला' या शब्दावर बोट ठेवलं. तालमूदमध्ये केतुबोत या भागाच्या ६७व्या पानावर हिल्लेल या जुन्या धर्मपंडिताची गोष्ट आहे. चांगल्या घरातला एक माणूस गरीब झाला, तर हिल्लेलने त्याच्यासाठी घोडा घेतला आणि पुढे धावायला एक नोकर ठेवला. कारण त्या माणसाला तीच सवय होती आणि तेच उणं होतं. एकदा नोकर मिळाला नाही, तर हिल्लेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे तीन मिल धावला, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर. मी ही गोष्ट पूर्वी वाचली तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती. मावशींच्या ओट्याशी बसल्यावर वाटली नाही. मावशींना पीठ उणं नव्हतं आणि पैसेही नव्हते. चार दिवसांपुरते डोळे उणे होते. आम्ही पाच किलो तांदूळ पाठवून त्यांचं काम उलट वाढवून ठेवलं होतं.

तांदळाचं काम काय, ते सांगते. युरोपातले यहुदी पेसाहला तांदूळ-डाळी वर्ज्य मानतात. आमच्याकडे भात चालतो, पण तीनदा निवडून. वाण्याकडे तांदळाचं पोतं गव्हाच्या पोत्याला लागून असतं आणि एखादा गहू इकडचा तिकडे जातोच. तीन वेगवेगळ्या वेळी, पांढऱ्या कापडावर, उजेडात, दाणा दाणा पसरून बघायचं. मावशी रोजच्या जेवणाचे तांदूळ बोटांनी निवडत होत्या. पेसाहच्या तांदळाला मात्र त्यांची हिंमत होत नव्हती.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी गेलो. आधी माळ्यावरचं गाठोडं काढलं. जुन्या चादरीत बांधलेली भांडी, वर काकांच्या अक्षरात 'पेसाह' लिहिलेली चिठ्ठी. मग खिडकीखाली पांढरी चादर घातली आणि तांदूळ पसरले. पहिली फेरी माझी. दुसरी फेरी माझ्या मैत्रिणीची, त्यात एक गहू निघाला, माझ्या नजरेतून सुटलेला. तो मी मावशींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने फिरवला आणि म्हणाल्या, "ही बघ चीर. गव्हाच्या पोटावर चीर असते, तांदळाला नसते." तिसरी फेरी त्यांनी स्वतः केली. चिमूट चिमूट तांदूळ डाव्या हातातून उजव्या हातात, मधे बोटांवरून घरंगळत. दीड किलोला पाऊण तास लागला. त्यांच्या हाताला एक साळीचा दाणा आणि एक खडा लागला. गहू नव्हता.

ते बघताना मला १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी हागादा, म्हणजे सेदरला वाचायचं पुस्तक, आठवली. त्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा करताना दाखवल्या आहेत, एक मळतेय, एक लाटतेय, एक भाजतेय. एकटी बाई त्या चित्रात कुठेच नाही. अठरा मिनिटांत मळून-लाटून-भाजून व्हायचं काम एकटीच्या हातचं नसतंच.

गुरुवारी १० एप्रिलला रात्री हामेस शोधायला पुन्हा गेले. मिश्नाचं पेसाहवरचं पहिलंच वाक्य आहे: चौदाव्याच्या (आमच्या निसान महिन्याच्या) रात्री दिव्याच्या उजेडात हामेस शोधावं. त्या वर्षी ते तेराव्याच्या रात्री आलं. रिवाज असा की पावाचे दहा तुकडे घरात ठेवायचे, म्हणजे शोध वाया जात नाही. मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन फिरायचं. हा शोध दुसऱ्याकडून करून घेता येतो, तशी मुभा आहे. मी मावशींना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मेणबत्ती तू धर. चमचा माझ्याकडे." आशीर्वाद त्यांनी म्हटला. मग त्यांनी मला सांगत सांगत घर फिरवलं: फळीच्या मागे पिठाच्या डब्याची जागा आहे, तिथे बघ. शिवणयंत्राच्या खणात, काका संध्याकाळी बिस्किट खात तिथे बसायचे. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या खणात काही नव्हतं, तरी त्यांनी तिथे दोनदा पीस फिरवायला लावलं. मीही दोनदा फिरवलं.

शेवटी 'कोल हमीरा' म्हणायचं. 'माझ्या घरात जे जे खमीर मी पाहिलं नाही आणि काढलं नाही, ते सगळं रद्द होवो आणि जमिनीच्या धुळीसारखं होवो.' हे अरामीत आहे, कारण पूर्वी ती लोकांची बोली होती. ज्याला जी भाषा कळते तिच्यात म्हटलेलं चालतं. अरामी 'हमीरा' आणि आपलं मराठी 'खमीर' एकाच मुळातले शब्द, अरबी-फारसीतून आपल्याकडे आले, त्यामुळे आम्हाला ते अर्धंमुर्धं आपोआप कळतं. 'पाहिलं नाही आणि काढलं नाही' हे शब्द मी आयुष्यभर म्हणत आले आहे. त्या रात्री मावशींनी ते मराठीत म्हटले, सावकाश, आणि 'पाहिलं नाही' वर जरा थांबल्या. मेणबत्तीचं मेण माझ्या बोटावर ओघळलं तरी मी हात हलवला नाही.

शोध झाल्यावर मनुका भिजत घातल्या. दोन किलो, बुधवारीच मैत्रिणीने निवडून ठेवलेल्या. आता डबा परत आलेला होता, पण त्यातल्या मनुका मावशींनीच मागवून घेतल्या आणि वर आणखी आपल्या पैशाने आणायला लावल्या. त्यांचं म्हणणं, "निवडून दिल्यास तर पिळायला मला डोळे लागत नाहीत." तालमूदमध्ये मार झुत्रा म्हणतात की जो स्वतः दानावर जगतो त्यानेही दान द्यावं. मावशी दानावर जगत नव्हत्याच, आम्ही त्यांना तसं ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सरबत पिळलं. मोठ्या पातेल्यात कोपरापर्यंत हात, मनुकांचा लगदा मुठीतून काळाभोर निघतोय, मुठीत कडकपणा उरेपर्यंत पिळायचं आणि मग पुन्हा थोडं पाणी. मी फडकं धरून गाळत होते. पाऊण लिटरच्या सहा बाटल्या झाल्या. एक त्यांची, पाच आमच्या यादीतल्या पाच घरांना. साडेअकराच्या आत गच्चीवर हामेस जाळलं, आणि दुपारी बाटल्या पोचवल्या. एकीकडे नेऊन दिली तेव्हा त्या बाईने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, कोणी केलं? बाजारच्या रसाला हा वास नसतो.

शनिवारी शब्बाथ. सकाळी लवकर दोन छोटे पाव गॅलरीत कागदावर खाऊन दहाच्या आत सगळं आवरलं, तुकडे झटकले आणि 'कोल हमीरा' दुसऱ्यांदा म्हटलं. बाहेर पहाटेपासून हनुमान जयंतीचा गजर चालू होता. चैत्री पौर्णिमा होती. आमचा पेसाह पौर्णिमेला, पुरीम हा आमचा दुसरा सण त्याच्या आधीच्या पौर्णिमेला, म्हणून जुनी माणसं पुरीमला होळीचा सणच म्हणत. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सणांवर एकच चंद्र उगवतो.

रात्री तारे दिसल्यावर सेदर. मावशी आमच्याकडे येणार होत्या, तसं मी गृहीत धरलं होतं. त्यांनी नकार दिला. "दार माझं उघडायचंय." तेव्हा आम्ही चौघं त्यांच्याकडे गेलो. हागादाची सुरुवात होते मत्सा उचलून: 'हा लाहमा अनिया', ही दैन्याची भाकर, जो भुकेला असेल त्याने यावं आणि खावं, ज्याला गरज असेल त्याने यावं आणि पेसाह करावा. माझ्या मुलाने पुस्तक उघडलं, तर मावशींनी ते पाठ म्हटलं, अरामी आणि त्यामागोमाग मराठी. तालमूदमध्ये प्रश्न आलेला आहे, की आंधळ्याने हागादा सांगावी का. उत्तर म्हणून दोन घरांची हकिकत दिली आहे: राव योसेफ आणि राव शेशेत, दोघेही दृष्टी गेलेले, आणि आपापल्या घरी हागादा तेच सांगत. मी हे मावशींना सांगितलं नाही. गरज पडली नाही.

यानंतर आमच्या वहीत जे बदललं ते थोडं आहे. फोनवरची विचारणा बंद केली, आता धुळवडीनंतरच्या दोन आठवड्यांत प्रत्येक घरी कोणीतरी जाऊन बसतं. डबा देताना खोक्यावरचं सगळं वाचून दाखवायचं, विचारलं नाही तरी. वहीतली दोन पानं काढून एकच केलं आहे, नावापुढे दोन रकाने, त्या घराने काय दिलं आणि आम्ही तिथे काय पोचवलं. बऱ्याच नावांपुढे दोन्ही रकाने भरतात. मावशींच्या नावापुढे पहिल्या रकान्यात 'सरबत, ५ बाटल्या' आहे आणि दुसऱ्यात 'तांदूळ निवडणे, २ फेऱ्या'.

डोळ्यांचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, आधी उजवा. मुलीला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, ऑपरेशनची तारीख ठरल्यावर. थेंब घालायला आमच्यातल्या तिघी आळीपाळीने जात होत्या.

पण ते पुढचं. २० एप्रिलला रात्री सण संपला आणि सोमवारी मी पेसाहची भांडी माळ्यावर ठेवायला गेले, तेव्हा मावशींनी गाठोडं आधीच बांधून ठेवलं होतं. काकांच्या अक्षरातली चिठ्ठी आत, भांड्यांच्या मधे, सुरकुतणार नाही अशी. बाहेर चादरीला एकावर एक दोन गाठी. रोजच्या जादा भांड्यांचं गाठोडं शेजारी होतं, त्याला एकच गाठ मारलेली. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "चिठ्ठी वाचायला लागते. गाठ हाताला कळते. जा, चढव वर."